नाकाची गुणपत्रिका

माझ्या नाकाला ऋतू लागत नाही, ते बारमाही वाहतं. शिंक आडवी आली की निघालेल्या माणसानं थांबायचं, ही रीत आमच्याकडे पाळली असती, तर मुलं अजून बालवाडीतच असती.

ॲलर्जीच्या तपासण्यांत काहीच सापडलं नाही. "व्हॅसोमोटर ऱ्हायनायटिस," डॉक्टर म्हणाले. म्हणजे नाकातल्या नसाच (मज्जातंतू) चिडक्या. एसीची झुळूक, उदबत्ती, फोडणी, कशाचंही निमित्त पुरतं. मग मावशीची ओव्याची पुरचुंडी, काकांची जलनेती, शेजाऱ्यांचं अणुतेल असं सगळं झालं. ज्यानं उपाय सांगितला त्याला हमखास गुण आलेला, आणि मी रुमाल पिळतोय!

शेवटी नस जाळायचं ठरलं. 1961 साली इंग्लंडच्या गोल्डिंग-वुड यांनी यासाठी व्हिडियन नावाची नसच कापायची शस्त्रक्रिया मांडली होती. पण डोळ्यांत पाणी आणणारे धागेही त्याच नसेतून जातात, त्यामुळे नाकाबरोबर डोळेही कोरडे पडायचे. लेकीच्या पाठवणीला बापाचे डोळे कोरडे! आता दुर्बीण घालून फक्त नाकाच्या मागच्या बाजूच्या बारीक नसा गाठतात. कोणी त्या नायट्रस ऑक्साइडनं गोठवतात, कोणी रेडिओफ्रिक्वेन्सीनं, म्हणजे रेडिओलहरींनी, तापवतात. माझ्या तापवल्या. जागा बधिर केली होती, मी जागा होतो आणि डॉक्टर क्रिकेटबद्दल बोलत होते.

गुण आला का, हे मोजायची पद्धत मात्र मला फार आवडली. वाहणं, चोंदणं, खाज आणि शिंका, प्रत्येकाला 0 ते 3, एकूण 12. इथे कमी गुण मिळवणारा हुशार. एक गुण उतरला तरी फरक पडला म्हणायचं. दोन वर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत बहुतेकांचा फायदा टिकलेला दिसतो. पण काही चाचण्यांत काही जणांच्या नाकात नुसतीच नळी घालून काढली, नस जाळलीच नाही, आणि त्यांतल्याही बऱ्याच जणांना बरं वाटलं! खरी नस जाळलेल्यांना जास्त बरं वाटलं, हे खरं. तरी मावशीला मी ही बातमी अजून कळवलेली नाही. शिवाय काही महिन्यांनी त्या नुसत्या नळीवाल्यांनाही खरा उपचार देऊ केला, त्यामुळे दोन वर्षांनी तुलना करायची कोणाशी? मला तरी दोन वर्षांच्या आकड्यांपेक्षा हे पहिल्या काही महिन्यांचे आकडे जास्त भरवशाचे वाटतात.

माझं म्हणाल तर वाहणं जवळजवळ थांबलं, चोंदणं कमी झालं. शिंका आहेत, पण पूर्वीसारखी माळ लागत नाही. बायकोनं आधीचा नऊ आणि आताचा चार असा तक्ता करून फ्रिजवर लावलाय. धुळीचं कारण सांगून दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईतून सुटणारा मी, यंदा माळ्यावर जळमटं काढत होतो. मध्येच नाक जोरात ओढून पाहिलं. खालून आवाज आला, "चार!"