घरातल्या शून्यवाद्याशी बोलणं बंद करा? फिरत्या मजकुराला एका विश्वासणारीचं उत्तर

ख्रिस्ती मंडळ्यांच्या आणि तरुण संघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. त्याचा सारांश असा: ‘देव मेला’ म्हणणारा जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे वेडा होऊन मेला, ती देवाची शिक्षा होती. जीवनाला अर्थ नाही म्हणणाऱ्यांना, म्हणजे शून्यवाद्यांना, बरं-वाईट काही उरत नाही. खऱ्या विश्वासणाऱ्याच्या मनात असे विचार येतच नाहीत. घरात असं कुणी असेल तर त्याला बायबलची वचनं दाखवा, आणि तरी ऐकलं नाही तर संबंध तोडा, कारण विश्वास न ठेवणाऱ्यांशी ‘विजोड होऊ नका’ असं प्रेषित पौलच सांगतो.

माझा धाकटा भाऊ ‘कशालाच अर्थ नाही’ असं मानतो. आम्ही एकाच शब्बाथशाळेत वाढलो, आणि वचनं माझ्यापेक्षा त्याला जास्त पाठ आहेत. प्रभू येशूवर माझा विश्वास आहे आणि तो विश्वास माझ्या भावाचाही व्हावा ही माझी रोजची प्रार्थना आहे. म्हणूनच हा मजकूर मला खोडून काढावासा वाटतो.

आधी नीत्शे. तो १८४४ साली जर्मनीतल्या एका खेड्यात लूथरन पाळकाच्या घरी जन्मला. ‘देव मेला आहे’ हे वाक्य त्याच्या १८८२च्या पुस्तकात एका वेड्याच्या तोंडी येतं. हा वेडा भर सकाळी कंदील पेटवून बाजारात देवाला शोधत येतो, आणि त्याला हसतात ते देवाला न मानणारे लोक. ‘आपणच त्याला मारलं’ असं तो सांगतो त्यात विजयाचा सूर नाही. पृथ्वी सूर्यापासून सुटली आहे, आता आपण कुठे चाललो आहोत, असं तो विचारतो. युरोपातली श्रद्धा आतून पोकळ होते आहे आणि तिच्या मागून येणारी अर्थहीनता माणसाला झेपणार नाही, हे नीत्शेला दिसत होतं. ख्रिस्ती धर्मावरची त्याची कडवट टीका मला मुळीच पटत नाही. पण तो शून्यवादाचा प्रचारक नव्हता. त्यातून बाहेर कसं पडायचं, हाच तर त्याचा प्रश्न होता.

आता शिक्षेचं. जानेवारी १८८९मध्ये, ४४व्या वर्षी, तो इटलीतल्या तुरीन शहरात कोसळला आणि पुन्हा कधीच सावरला नाही. आजार नेमका कोणता, यावर अजूनही एकमत नाही. पण त्याचे वडीलही मेंदूच्याच आजाराने गेले होते, १८४९मध्ये, अवघ्या ३५व्या वर्षी. ते तर वेदीजवळ उभे राहून सुवार्ता सांगणारे पाळक. मग तीही शिक्षा म्हणायची का? शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती काय, असं विचारून प्रभूने स्वतःच ‘नाही’ असं उत्तर दिलं आहे. लूकच्या तेराव्या अध्यायात ते आहे.

मंडळीत नीत्शेबद्दल काही सांगायचंच असेल तर त्याच्या आईबद्दल सांगावं. फ्रान्झिस्का पाळकाची विधवा होती, भक्तिमान बाई. १८६५च्या ईस्टरला विशीतल्या मुलाने प्रभुभोजन घ्यायला नकार दिला, ते तिला फार लागलं. पुढे त्याने जे लिहिलं ते तिला किती टोचलं असेल याचा विचार करा. तरी भान हरपलेल्या त्या मुलाला तिने १८९०मध्ये आपल्या घरी, नाउम्बुर्गला नेलं आणि १८९७मध्ये स्वतः मरेपर्यंत त्याचं सगळं केलं. मजकूर लिहिणाऱ्याला शिक्षा दिसली, ही सात वर्षं दिसली नाहीत.

दुसरा दावा, अशा लोकांना बरं-वाईट उरत नाही. आमचे पप्पा दवाखान्यात होते तेव्हा रात्री त्यांच्याजवळ बसायचा तो माझा हा भाऊच. आणि पौल रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हणतो की ज्यांच्याजवळ नियमशास्त्र नाही त्यांच्याही अंतःकरणावर त्याची आज्ञा लिहिलेली आहे. मग शून्यवादी माणसाच्या चांगुलपणाचं आपल्याला नवल का वाटावं?

खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. गटारात उतरलेला सफाई कामगार गुदमरून मेल्याची बातमी आली की माझा भाऊ संतापतो. मी त्याला विचारलं, कशालाच अर्थ नाही तर हा संताप कशासाठी? तो म्हणाला, “ताई, राग माझा आहे. त्याला विश्वाची सही कशाला हवी?” उत्तर प्रामाणिक आहे. पण मला ते अपुरं वाटतं. समजा त्या मृत्यूचा कुणालाच राग आला नसता, सगळं शहर निवांत झोपलं असतं, तर तो अन्याय ठरला नसता का? त्या माणसाची किंमत आपल्या रागावर अवलंबून नाही, ती आधीपासून आहे, देवाने त्याला आपल्या प्रतिरूपात घडवलं म्हणून आहे, असं मी मानते. भावाला अजून हे पटलेलं नाही. पण या प्रश्नावर आम्ही तासन्‌तास बोललो आहोत. ‘तुला नीतीच नाही’ अशी सुरुवात केली असती तर पहिल्या वाक्यालाच तो उठून गेला असता.

‘विश्वासणाऱ्याच्या मनात असे विचार येत नाहीत’ हा दावा तर पवित्र शास्त्र उघडलं की कोसळतो. सर्व काही व्यर्थ आहे, हे उपदेशकाच्या पुस्तकाचं अगदी सुरुवातीचं म्हणणं. ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, त्यात शेवटी सुटकेची ओळ येत नाही. आणि वधस्तंभावर प्रभू स्वतः ओरडतो, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ईयोबाचे मित्र देवाची बाजू घेऊन बोलले, वचनांसारखीच वाक्यं बोलले. शेवटी देव त्यांच्यावर रागावला आणि माझ्याविषयी योग्य ते ईयोबच बोलला, असं त्याने सांगितलं. भावाला वचनं ऐकवायला निघण्याआधी त्या मित्रांचं काय झालं हे प्रत्येकाने वाचावं. पहिले सात दिवस ते ईयोबाशेजारी जमिनीवर गप्प बसले होते, तेवढं मात्र त्यांनी फार चांगलं केलं.

मग आपल्याकडे सांगण्यासारखं काय उरतं? खूप उरतं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल स्पष्ट लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास निष्फळ आहे, आणि मेलेले उठत नसतील तर खाऊन-पिऊन घ्यावं, उद्या मरायचंच आहे. पुनरुत्थान खोटं असतं तर पौल माझ्या भावाच्या शेजारी जाऊन बसला असता! विश्वासामुळे मला बरं वाटतं, एवढंच सांगून भागणार नाही. बरं तर भावाला चांगल्या गाण्यानेही वाटतं. कबर रिकामी होती की नव्हती, ही गोष्ट आहे. माझं सगळं त्यावर उभं आहे, आणि हे मी त्याला याच शब्दांत सांगते.

शेवटचा दावा सगळ्यात घातक आहे. ‘विजोड होऊ नका’ लिहिणाऱ्या पौलानेच त्याच करिंथच्या मंडळीला आधी लिहिलं होतं की विश्वास न ठेवणारी बायको नांदायला राजी असेल तर तिला सोडू नका. मोनिकाचं उदाहरण घ्या. तिचा मुलगा आगस्तीन, पुढे मोठा ख्रिस्ती धर्मगुरू झालेला, ‘मानी’ नावाच्या धर्मसंस्थापकाच्या पंथात गेला तेव्हा तिने त्याला आपल्या पंगतीला बसू देणं बंद केलं होतं. मग एका स्वप्नाने तिला धीर आला आणि तिने त्याला पुन्हा घरात घेतलं. मुलाशी वाद घाला म्हणून ती एका बिशपाच्या मागे लागली, तेव्हा ते म्हणाले, त्याला असू दे, प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल. बिशप स्वतः त्याच पंथात वाढलेले होते. आगस्तीनचा बाप्तिस्मा ३८७मध्ये झाला. आपल्याकडे कवी नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९००मध्ये. मधली वर्षं दोघांनाही फार जड गेली, पण लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतः विचार करून.

एक गोष्ट या मजकुरात यायला हवी होती, ती नाही. ‘जीवनाला अर्थ नाही’ हा विचार आहे, त्यावर वाद घालता येतो. पण बोलण्याचा रोख ‘मला जगायचं नाही’ याकडे वळला, झोप-जेवण सुटलं, माणूस जवळच्या वस्तू वाटून टाकू लागला, तर वाद तिथेच थांबवा आणि त्याला एकटं सोडू नका. पाळकांनाही बोलवा, पण आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.