गोदीतलं सोनं नव्हे, कापूस

एप्रिल लागला की गावच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: "१४ एप्रिल ही बाबासाहेबांची जयंती. त्यात अग्निशमन दिन कोणी घुसवला? मुंबईच्या गोदीतलं सोनं वाचवताना मेलेल्यांशी विदर्भाचं काय देणंघेणं? पगारी माणसं ती, हुतात्मे कसले! अन् बंब तर सारं जळल्यावरच येतो."

घुसवला कोणी नाही. १९४४ साली 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट त्याच तारखेला झाला, एवढंच.

जहाजावर सोन्याच्या विटा होत्या, हे खरं. पण पेटल्या त्या कापसाच्या गाठी, अन् त्याच कप्प्यात दारूगोळा. कापसाची आग काय चीज असते हे आपल्याला सांगावं लागत नाही. जिनिंगमधली वरून विझलेली गाठ रात्रभर आतून धुमसते, फोडल्याशिवाय पाणी आत जात नाही. दुपारी दोननंतर बंब पोचले. जहाज जागीच बुडवायचं की बाहेर न्यायचं, यावर वरच्यांचा घोळ चालला. पाईप धरलेले हटले नाहीत. चारनंतर स्फोट झाला. ६६ जवान गेले.

विदर्भाचं काय, म्हणता? पुलगाव कुठं आहे, बाप्पा? ३१ मे २०१६, मध्यरात्रीनंतर दारूगोळा डेपो पेटला. आजूबाजूची गावं अंधारातच घर सोडून निघाली. डेपोच्या अग्निशमन दलाची माणसं मात्र उलट्या दिशेनं, आगीकडे गेली. मेलेल्यांत लष्कराचे दोन अधिकारी होते, अन् हे आग विझवणारेही.

पगाराचा हिशेब तर नागझिऱ्यापुढं मांडूच नये. एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या वणव्यात तिघं गेले, ते हंगामी वनमजूर. ना वर्दी, ना पेन्शन. हुतात्मा म्हणायला आपण बहुतेक वर्दीच शोधतो, म्हणून ही नावं कुणाच्या तोंडी नाहीत.

राहिला उशीर. तो होतो, मान्य. बंब नगरपरिषदेचा, तालुक्याला उभा. गाव लांब, रस्ता तुम्हाला ठाऊकच आहे. याचा जाब बंबावरच्या पोरांना नाही, जवळ केंद्र न देणाऱ्यांना विचारा. दिवाळीआधी आमची सोयाबीनची गंजी पेटली, तेव्हाही बंब आला तोवर राख झाली होती. तरी ती पोरं पहाटेपर्यंत धुमसतं कुटार उपसत राहिली, कारण दहा पावलांवर शेजाऱ्याचा गोठा होता. तो वाचला. मेसेज याच शेजाऱ्यानं टाकलाय.