मारियुस झालियूकास ‘हेडर’मुळे गेला, हे नेमके कोणी सिद्ध केले?

गेल्या आठवड्यात माझ्या थोरल्या बहिणीने कोल्हापुरातून मला एक संदेश पाठवला आणि त्यापाठोपाठ एक छोटासा आवाजी निरोप: “हे वाच आधी. ह्याचे बूट मी माळ्यावर टाकलेत.” ‘हा’ म्हणजे तिचा अकरा वर्षांचा मुलगा, जो शाळा सुटल्यावर रोज दोन तास फुटबॉल खेळतो आणि उरलेला वेळ फुटबॉलविषयी बोलतो. संदेशावर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण होती. ताई शिकलेली आहे, सहसा असल्या गोष्टींना भीक घालत नाही. परंतु एका तरुण खेळाडूचा फोटो, त्याखाली मृत्यूची तारीख आणि डॉक्टरांचा हवाला एकत्र आल्यावर कोणत्याही आईचा धीर सुटेल. त्यामुळे माझा राग तिच्यावर नसून हा मजकूर ज्याने कोणी जुळवला त्याच्यावर आहे.

संदेशाचा सारांश असा. लिथुआनियाचा बचावपटू मारियुस झालियूकास हा केवळ मालक देशबांधव असल्यामुळे स्कॉटलंडमधील हार्ट्स या क्लबाचा कर्णधार झाला. हजारो वेळा ‘हेडर’, म्हणजे डोक्याने चेंडू मारल्यामुळे त्याचा ‘मेंदू आतून वितळला’. आजार कळताच क्लबाने त्याला बाहेरचा रस्ता दाखवला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो वारला. हेडरमुळेच हे घडले, असे ग्लासगोच्या डॉक्टरांनी सिद्ध केले आणि म्हणून युरोपात लहान मुलांच्या फुटबॉलवर बंदी आली. अखेरीस, जाता जाता, ‘काही तज्ज्ञांच्या मते यात लशीचाही हात आहे.’

या शेपटापासूनच सुरुवात करतो, कारण ते एका तारखेत गळून पडते. झालियूकासचा मृत्यू ३१ ऑक्टोबर २०२० रोजी झाला. ब्रिटनमध्ये कोविडचे लसीकरण सुरू झाले ८ डिसेंबर २०२० रोजी आणि लिथुआनियासह युरोपीय संघातील देशांत ते त्याच डिसेंबरच्या अखेरीस सुरू झाले. जी लस तो जिवंत असेपर्यंत या देशांत सर्वसामान्य लोकांना दिलीच जात नव्हती, तिने त्याचा जीव घेतला असे म्हणणारे ‘काही तज्ज्ञ’ कोण, हे संदेशात अर्थातच दिलेले नाही. याहून अधिक शब्द या मुद्द्यावर मी खर्च करणार नाही.

मालकाच्या वशिल्याचा आरोप मात्र पूर्णपणे पोकळ नाही, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. लिथुआनियातील बँकव्यावसायिक व्लादिमिर रोमानोव्ह यांनी २००५ मध्ये हार्ट्स ताब्यात घेतला. लिथुआनियातील एफबीके कौनस हा क्लबही त्यांच्याच वर्तुळातला होता आणि पुढची काही वर्षे कौनसहून हार्ट्सच्या एडिनबरा शहराकडे खेळाडूंची जणू रांग लागली होती. कौनसमध्येच जन्मलेला झालियूकास २००६ मध्ये याच वाटेने आला. रोमानोव्ह संघनिवडीत ढवळाढवळ करतात, अशी कुरबुर त्या काळी ड्रेसिंग रूममधून उघडपणे बाहेर येत होती; त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कर्णधार स्टीव्हन प्रेसली यांनी क्रेग गॉर्डन आणि पॉल हार्टली या सहखेळाडूंना शेजारी बसवून पत्रकारांसमोर संघातील अस्वस्थता बोलून दाखवली होती. तेव्हा दार मालकाने उघडले, हे खरे.

परंतु त्याच दारातून आलेले बहुतेक लिथुआनियन खेळाडू एकदोन हंगामांत परतले आणि हा सात वर्षे टिकला. या सात वर्षांत त्या क्लबाचे प्रशिक्षक ऋतू बदलावेत तसे बदलत राहिले. हंगेरीशी नाते सांगणारे चाबा लास्लो आले, अस्सल स्कॉटिश जिम जेफ्रीज आले, पोर्तुगीज पाउलो सेर्जिओ आले, जॉन मॅकग्लिन आले. इतक्या वेगवेगळ्या घडणीच्या माणसांनी एकाच बचावपटूला पुन्हा पुन्हा मैदानात उतरवले आणि दोनशेहून अधिक सामने खेळवले, तर त्यामागे मालकाच्या फोनपेक्षा अधिक काहीतरी असले पाहिजे. शिवाय २०११ च्या शेवटच्या महिन्यांत याच मालकाने खेळाडूंचे पगार वारंवार रखडवले होते आणि खेळाडूंना आपल्या संघटनेमार्फत लीगकडे दाद मागावी लागली होती. पगार थकलेल्या त्या संघाचा कर्णधार झालियूकास होता. आपल्याच देशबांधवाने पैसे अडकवलेले असताना परक्या देशातील सहकाऱ्यांना एकत्र ठेवायचे, ही जागा लाडक्या माणसाला बक्षीस म्हणून द्यावी अशी मुळीच नव्हती.

त्याच हंगामाच्या शेवटी, १९ मे २०१२ रोजी, ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर स्कॉटिश कपचा अंतिम सामना झाला. समोर हिबर्नियन होते, म्हणजे एडिनबराच्याच दुसऱ्या टोकाचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रतिस्पर्धी. हे दोन संघ या स्पर्धेच्या अंतिम फेरीत याआधी १८९६ मध्ये भिडले होते. हार्ट्सने तो सामना ५-१ असा जिंकला. रुडी स्काचेलने दोन गोल केले आणि चषक उचलला तो झालियूकासने. ताईला आलेल्या संदेशात ‘मृत्यूपूर्वीचे अखेरचे छायाचित्र’ म्हणून जो फोटो आहे, तो याच दिवसाचा आहे. अंगात हार्ट्सचा गडद लाल जर्सी, हातात चषक, तोंड उघडे, मागे त्याच रंगाचे मफलर. ते छायाचित्र मृत्यूच्या आठ वर्षे आधीचे आहे. ज्याला चषकावरून सामना ओळखण्याचे कष्ट घ्यावेसे वाटले नाहीत, त्याने न्यूरॉलॉजीवर निकाल द्यावा, याला काय म्हणावे?

क्लबाने आजारपणात हाकलले, हा दावा तारखा ओळीने मांडल्या की उरत नाही. रोमानोव्ह यांची बँक २०१३ च्या सुरुवातीला कोसळली, जूनमध्ये हार्ट्स दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जाऊन प्रशासकांच्या हाती गेला आणि पुढच्या हंगामाची सुरुवात क्लबाला १५ गुणांच्या कपातीसह करावी लागली. झालियूकास त्या उन्हाळ्यात बाहेर पडला, तेव्हा क्लबाकडे मोठे पगार द्यायला पैसाच नव्हता. त्यानंतर तो इंग्लंडमध्ये लीड्स युनायटेडकडून खेळला, मग ग्लासगोच्या रेंजर्सकडून खेळला आणि शेवटी मायदेशी विल्नियसच्या झाल्गिरिसकडून खेळला. हार्ट्स सोडणे आणि मृत्यू यांत सात वर्षांचे अंतर आहे. वैद्यकीय तपासणी केल्याशिवाय करारावर सही न करणारे क्लब मरणासन्न माणसाला बचावफळीत उभे करत नाहीत.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यामुळे बूट माळ्यावर गेले.

झालियूकासला मोटर न्यूरॉन डिसीज हा आजार होता, असे त्याच्या मृत्यूनंतर वृत्तपत्रांनी लिहिले. या आजारात मेंदूकडून आणि मज्जारज्जूकडून स्नायूंना आज्ञा पोहोचवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जातात. हाताची पकड सुटते, पाय साथ देत नाहीत, बोलणे जड होते, गिळणे अवघड होते आणि अखेरीस श्वासाचे स्नायू थकतात. अनेक रुग्णांची बुद्धी मात्र बराच काळ शाबूत राहते. म्हणजे ‘मेंदू वितळला’ हे वर्णन क्रूर तर आहेच, शिवाय चुकीचेही आहे. दहांतल्या जेमतेम एका रुग्णात तो आनुवंशिक असल्याचे दिसते. उरलेल्यांना तो का झाला, हे बहुतांश वेळा डॉक्टरांना सांगता येत नाही. स्टीफन हॉकिंग यांना ऐन विशीत हाच आजार जडला होता. त्यांनी किती हेडर मारले होते, हे संदेशकर्त्याने एकदा मोजून सांगावे.

ज्या ग्लासगोच्या डॉक्टरांचा हवाला दिला आहे, ते खरे आहेत आणि त्यांचे संशोधनही खरे आहे. म्हणूनच हा संदेश निव्वळ थापेपेक्षा अधिक घातक आहे. ग्लासगो विद्यापीठातील विली स्टुअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी स्कॉटलंडमधील ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी घेतल्या आणि त्यांची तुलना त्याच वयाच्या व तशाच आर्थिक स्तरातील २३,०२८ सामान्य पुरुषांशी केली. चेतासंस्था झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू होण्याचे प्रमाण खेळाडूंमध्ये सुमारे साडेतीन पट आढळले. अल्झायमरच्या बाबतीत ते पाच पटींच्या आसपास होते आणि मोटर न्यूरॉन डिसीजच्या बाबतीत चार पटींहून थोडे अधिक. त्याच गटाने २०२१ मध्ये खेळाडूंच्या जागेनुसार फोड केली, तेव्हा सर्वाधिक धोका बचावपटूंना, सुमारे पाच पट, दिसला. गोलरक्षकांचा धोका सामान्य लोकांहून खात्रीने वेगळा काढता आला नाही. चेंडू डोक्याने परतवणे हे बचावपटूचे रोजचे काम आणि गोलरक्षकाचे मुळीच नव्हे, हे ध्यानात घेतले तर हेडरवर संशय येणे स्वाभाविक आहे. मला स्वतःला तो संशय रास्त वाटतो. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण लपवण्यातही अर्थ नाही.

मात्र संशय आणि सिद्धता यांत जे अंतर आहे, ते संदेशाने एका उडीत पार केले आहे. या अभ्यासात कोणी किती हेडर मारले, हे मोजलेलेच नाही. मोजली आहेत ती मृत्यूची कारणे. अभ्यासातील सगळे खेळाडू १९७७ पूर्वी जन्मलेले होते. झालियूकासचा जन्म नोव्हेंबर १९८३ चा, आणि निष्कर्ष छापून आले तेव्हा तो हयात होता. म्हणजे ज्या डॉक्टरांनी ‘त्याच्याबाबत सिद्ध केले’ असे सांगितले जाते, त्यांच्या आकडेवारीत हा माणूस नव्हताच! समूहाचा धोका वाढलेला असणे ही एक गोष्ट, आणि त्या समूहाबाहेरच्या एका विशिष्ट माणसाच्या आजाराचे कारण ठरवणे ही दुसरी. पहिलीवरून दुसरी काढता येत नाही, हे त्या संशोधकांनाही मान्य होईल.

मग ‘साडेतीन पट’ या शब्दांचा बागुलबुवा. कशाच्या साडेतीन पट, हे न सांगता असा आकडा फेकला की तो भयंकर वाटतो. त्याच अभ्यासात हजार सामान्य पुरुषांमागे सुमारे ५ जणांच्या मृत्यूचे मुख्य कारण असा आजार होता आणि हजार माजी खेळाडूंमागे सुमारे १७ जणांच्या. वाढ खरी आहे, गंभीर आहे. पण उरलेले ९८३ खेळाडूही त्याच मैदानावर खेळले होते. त्याच अभ्यासात हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचे प्रमाण खेळाडूंमध्ये कमी आढळले आणि सत्तरीपर्यंत त्यांचा एकूण मृत्युदरही सामान्यांपेक्षा कमी होता. संदेशात ही ओळ नाही. ती असती, तर ताईने बूट माळ्यावर टाकण्याआधी दोनदा विचार केला असता.

शिवाय मोटर न्यूरॉन डिसीजपुरते पाहिले, तर सगळे संशोधन एका सुरात बोलत नाही. स्वीडनमधील सर्वोच्च लीगच्या ६,००७ खेळाडूंचा अभ्यास २०२३ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आला. त्यात चेतासंस्थेच्या आजारांचा एकूण धोका दीड पट आढळला आणि तो मुख्यतः अल्झायमर व इतर स्मृतिभ्रंशाच्या अंगाने होता. मोटर न्यूरॉन डिसीजचा धोका वाढल्याचे मात्र दिसले नाही. म्हणजे ज्या आजाराने झालियूकास गेला, नेमका त्याच आजाराबाबत पुरावा डळमळीत आहे.

संदेशाच्या दुसऱ्या एका प्रतीत फर्नांडो रिक्सन यांचेही नाव जोडलेले दिसले. हे डच बचावपटू सप्टेंबर २०१९ मध्ये याच आजाराने वारले आणि तेही कधी काळी रेंजर्सकडून खेळले होते, म्हणून ‘एकाच क्लबाचे दोन बचावपटू’ असा शापाचा सूर त्यात लावला आहे. रिक्सन यांनी रेंजर्स सोडला आणि झालियूकास तेथे आला, यांत आठ वर्षे गेली. ब्रिटनमध्ये दर तीनशे माणसांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो, असा अंदाज आहे. दीडशे वर्षे जुन्या क्लबाच्या यादीत अशी दोन नावे सापडणे दुःखद आहे, चमत्कारिक नाही.

राहता राहिली मुलांवरची बंदी. २०२० च्या फेब्रुवारीत स्कॉटलंड, इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडच्या फुटबॉल संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांना सरावात हेडर शिकवू नयेत, असे मार्गदर्शक नियम घातले. मोठ्या मुलांसाठी सरावातील हेडरची संख्या मर्यादित केली. नंतर स्कॉटलंडने व्यावसायिक संघांनाही सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी हेडरचा सराव करू नका, असे सांगितले. याला सावधगिरी म्हणतात. फुटबॉलवर बंदी कोणी घातलेली नाही. त्या देशांत शनिवार-रविवारी मैदाने लहान मुलांनी भरलेलीच असतात.

यांतले बरेचसे मी ताईला फोनवर सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, “म्हणजे डोक्याने मारायचा सराव नको, हे तर तूही म्हणतोस ना?” मी हो म्हणालो, कारण ते खरेच आहे. दुसऱ्या दिवशी ती भाच्याच्या प्रशिक्षकांशी बोलली. बारा वर्षांखालच्या मुलांकडून आम्ही हेडर करून घेतच नाही, असे त्यांनी सांगितले. बूट संध्याकाळी माळ्यावरून खाली आले. डाव्याची नाडी मात्र तिथेच कुठेतरी राहिली आहे.