वाळूची झडती

सध्या आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अठ्ठावीस सेकंदांचा एक व्हिडिओ फिरतोय. त्यात ऐंशीच्या घरातली एक इटालियन बाई, फुलाफुलांच्या बिकिनीत, रंगाऱ्याच्या ब्रशाने एका मध्यमवयीन मराठी माणसाच्या पोटऱ्या झाडते आहे. माणूस घोड्यासारखा एकेक पाय उचलून देतोय. मागे कुणीतरी खिदळतंय, ती माझी बायको. घोडा मी. चिंचवडच्या मावशीने खाली लिहिलंय, "नालही ठोकून घ्यायची होतीस." त्यावर एकोणीस जणांनी दात काढलेत. त्यातले निम्मे माझ्या लग्नालाही आले नव्हते.

व्हिडिओ नेहमी मधूनच सुरू होतो. म्हणून आधीचं सांगतो.

आम्ही म्युनिकला राहतो. आई ऐरोलीहून तीन महिन्यांसाठी आली होती. बाबा आले नाहीत, त्यांना बोट लागते; घारापुरीला जातानासुद्धा ते आवळासुपारी तोंडात धरून बसतात. ऑगस्टात शाळांना सुट्टी, म्हणून भूमध्य समुद्रातली क्रूझ घेतली. बार्सिलोना, मार्से, चिव्हितावेक्या, पालेर्मो, काल्यारी. सहा वर्षांचा मुलगा, अकरा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांची आई यांना त्या उन्हात कलोसियमभोवती फिरवण्यात अर्थ नव्हता. प्रत्येक बंदरात एक बीच करायचा, असं मी ठरवलं आणि एक्सेल शीट बनवली. रकाने असे: बोटीपासूनचं अंतर, वाळू की गोटे, सावली, संडास, आणि शेवटचा रकाना 'फॅमिली-फ्रेंडली, हो किंवा नाही'.

घात त्या शेवटच्या रकान्याने केला. कुणाची फॅमिली, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

बार्सिलोनाच्या बार्सेलोनेता बीचपुढे 'हो' होतं. १९९२ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने शहराने हा सगळा किनारा नव्याने घडवला, आधी या पट्ट्यात कारखाने आणि रूळ होते. वाळू मऊ, पाणी उथळ. फक्त बऱ्याच जणींनी वरचा कपडा घरीच ठेवला होता. आई दोन मिनिटं गप्प बसली. मग तिने समुद्राकडे तोंड केलं आणि तासभर मान वळवली नाही. रात्री मान आखडली. केबिनभर बामाचा वास.

मार्सेला प्रादोचे किनारे. बोट शहराच्या पार दुसऱ्या टोकाला लागते, त्यामुळे निम्मा दिवस बसमध्ये गेला. पोचल्यावर मी माहितगारासारखं सांगितलं की ही जमीन मेट्रो खणताना निघालेली माती टाकून केलेली आहे. आई म्हणाली, "म्हणजे भराव. भरावावर बसायचं तर कोस्टल रोड काय वाईट होता?"

आईचं माहेर गुहागर. तिच्या लेखी जगात पुळण एकच, बाकी सगळे नुसते किनारे.

चिव्हितावेक्याला बोटीवरचे झाडून सगळे रोमला पळाले. आम्ही रोमच्याच गाडीने दहा मिनिटांवर सांता मारिनेल्लाला उतरलो. तिथे कळलं की इटलीत समुद्राला डोअरकीपर असतो. किनाऱ्याचे तुकडे पाडून भाड्याने दिलेले, त्यावर खाटा आणि छत्र्या रांगेने मांडलेल्या. पहिली रांग महाग, मागची स्वस्त, अगदी नाटकासारखं. पाण्यालगतची पाच मीटरची पट्टी सर्वांना मोकळी असते, पण ती चालायला. मी तिथे टॉवेल पसरताच शिट्टी वाजली. दोन खाटा आणि एका छत्रीचे पस्तीस युरो मोजले. आई खाटेवर आडवी न होता ताठ बसून राहिली, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत असल्यासारखी. म्हणाली, "पस्तीस युरोत निदान चादर तरी देतात का?"

पालेर्मोला आम्ही १५ ऑगस्टला पोचलो. त्या दिवशी इटलीत फेर्रागोस्तो, सम्राट ऑगस्टसच्या काळापासूनची सुट्टी. त्या सुट्टीला अख्खा देश समुद्रावर जातो, हे मला ठाऊक नव्हतं. मोन्देल्लोच्या वाळूवर दादरला सव्वासहाची फास्ट पकडताना दिसते तेवढी जागा शिल्लक होती. मुलाने विचारलं, "यांचा पण स्वातंत्र्यदिन का?" त्यात आईचा गोकुळाष्टमीचा उपास. लिंबाचं जिलातो उपासाला चालतं की नाही यावर पाऊण तास चर्चा झाली. चालतं, असं ठरेपर्यंत ते वितळलं.

तर उरलं काल्यारी. सार्डिनिया बेटाची राजधानी. बोट जवळजवळ गावातच लागते, समोरून पीएफ नावाची बस सुटते आणि ती थेट पोएत्तोला जाते. आठेक किलोमीटर लांब, सलग वाळू. मोठा भाग फुकट. वाटेत मोलेन्तार्जुसची खाजणं लागतात आणि त्यांत फ्लेमिंगो. बसमधल्या परदेशी पाहुण्यांनी फोन बाहेर काढले. आई शेजारच्या जर्मन बाईला मराठीत म्हणाली, "आमच्याकडे ऐरोलीच्या खाडीत ढिगाने येतात." जर्मन बाईने आदराने मान हलवली.

पोएत्तोला लोक बसथांब्यावरून जागा सांगतात, पहिला थांबा, दुसरा थांबा. आम्ही मधल्या कुठल्यातरी थांब्यावर उतरलो, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा आई स्वतःहून वाळूवर मांडी घालून बसली. मग म्हणाली, "ही पुळण आहे." माझं सगळं एक्सेल सार्थकी लागलं. मी डोळे मिटले. ही माझी चूक.

हरतालिका दहा दिवसांवर आली होती. पिंडीला वाळू लागते. म्युनिकच्या इझार नदीच्या काठाला सगळे गोटेच, आणि वाळू विकत आणावी ही कल्पना आईला मुळातच मान्य नव्हती. तिने चिवड्याचा स्टीलचा डबा रिकामा केला, पाण्याशी उकिडवी बसली आणि रवा पारखावा तशी चिमटीत धरून वाळू पारखू लागली. कोरडी नको, फार ओली नको. एक लहानसा गोळा वळून तळहातावर उभा राहतो का पाहिलं. राहिला. मग डबा भरायला घेतला.

आणि गुडघाभर पाण्यात चार घडीच्या खुर्च्या टाकून पत्ते खेळत बसलेल्या चार म्हाताऱ्यांपैकी एक उठली.

खारकेसारखी वाळलेली, त्याच रंगाची, गळ्यात सोन्याची साखळी. "सिन्योरा! नो, नो, नो, नो!" करत ती आली आणि डब्यावर हात ठेवला. आईला वाटलं, काय करताय असं विचारतेय. तिने मराठीत सविस्तर सांगितलं: पार्वतीने शंकरासाठी तप केलं, वाळूचीच पिंड केली होती, कडक उपास असतो. बाईने इटालियनमध्ये त्याहून सविस्तर उत्तर दिलं. समोरच्याला भाषा येत नसेल तर मोठ्याने बोलावं, या तत्त्वावर दोघींचा विश्वास होता. दोन मिनिटांत आजूबाजूच्या छत्र्यांखालून माना बाहेर आल्या.

मी धावत जाऊन फोनवर भाषांतराचं अ‍ॅप उघडलं आणि दोघींच्या मध्ये धरलं. अ‍ॅपने 'हरतालिका'चं 'प्रत्येक तक्ता' केलं. बाईला ऐकू आलं की ही वाळू प्रत्येक तक्त्यासाठी लागते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "किती तक्ते?" नेमकी त्याच वेळी आई भडकली. "मी काय हिच्या बापाची वाळू नेतेय?"

अ‍ॅप चालूच होतं. त्याने हे वाक्य इमानेइतबारे इटालियनमध्ये केलं.

बाई एकदम थांबली. छातीवर क्रॉस काढला. डोळ्यांत पाणी आलं की ते समुद्राचंच होतं, सांगता येत नाही. मग ती फोनवर वाकून काहीतरी बोलली आणि अ‍ॅपमधली बाई बातम्यांच्या आवाजात म्हणाली, "होय. ही माझ्या वडिलांची वाळू आहे. माझ्या आजोबांचीसुद्धा."

यावर आईकडे उत्तर नव्हतं. माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

खरा घाव घरातूनच आला. माझी मुलगी जर्मन शाळेत शिकते. ती चिप्सचं पाकीट फेकायलासुद्धा योग्य रंगाची कचरापेटी सापडेपर्यंत दोन किलोमीटर चालते. ती पुढे होऊन म्हणाली, "आजी, हे फरबोटन आहे. बोटीवरच्या पत्रकात होतं. सार्डिनियात वाळू, गोटे, शिंपले काहीच न्यायचं नाही. २०१७ चा कायदा आहे. ५०० ते ३,००० युरो दंड." आणि मला कळावं म्हणून पुढे म्हणाली, "२०१९ मध्ये गाडीत चाळीस किलो वाळू नेणाऱ्या एका फ्रेंच जोडप्याला पकडलं होतं."

"अगं, पण तुला माहीत होतं तर आधी..."

"मला वाटलं आजी किल्ला करतेय."

आईने दंडाचा मनातल्या मनात गुणाकार केला. "पन्नास हजार? पन्नास हजारांत आमच्याकडे रात्री डंपर दारात येतो. पावतीशिवाय!"

खोटं काय होतं त्यात? आमच्याकडे नदीच्या नद्या ब्रासच्या हिशेबात रातोरात निघून जातात. तहसीलदाराने गाडी अडवली तर गाडीच त्याच्या अंगावर येते. पात्रात नुसते खड्डे उरतात, पावसाळ्यात पोरं बुडतात, पेपरात चार ओळी येतात. आणि इथे पावशेर वाळूसाठी एक ऐंशीची म्हातारी पत्ते टाकून उठते. मला राग आला. पण तो नक्की कुणाचा, हे मात्र ठरवता येईना. बहुतेक त्या म्हातारीचा, कारण तीच समोर होती.

आईने डबा उपडा केला. "घे बाई, लखलाभ." बाईचं समाधान झालं नाही. डबा विसळायला लावला. झाकणाच्या खाचेतून बोट फिरवलं. मग तिचा मोर्चा माझ्याकडे वळला.

माझ्या पोहायच्या चड्डीला जाळीचे खिसे आहेत. त्यांत वाळू भरते, यात माझा काही दोष नाही. पोराने मला अर्धा तास पुरलं होतं. बाईने खिशाकडे बोट दाखवलं. मी एक खिसा उलटा केला. ढीग पडला. दुसरा केला. त्याहून मोठा ढीग. छत्र्यांखालून "ओ!" असा सामुदायिक उद्गार निघाला, बॅगेत सोनं सापडल्यासारखा. मी बेचाळीस माणसांच्या टीमचा प्रमुख आहे. माझ्या सहीने सर्व्हर बंद होतात. मी दोन्ही खिसे हत्तीच्या कानांसारखे बाहेर काढून उभा होतो.

मग ब्रश आला. तिथल्या जुन्या मंडळींकडे असतो म्हणे, पायांची वाळू झाडायला. ती वाकली आणि काम सुरू केलं. पोटऱ्या, घोटे, बोटांच्या बेचक्या. "सू!" म्हणाली की पाय वर. मी वर घेत गेलो. का घेत गेलो, हे ग्रुपवर सगळे विचारताहेत. उत्तर असं की ती अगदी माझ्या आजीसारखी रागावत होती, आणि अशा वेळी माणसाचा पाय आपोआप वर जातो.

सगळं आटोपल्यावर तिचा नातू आला. सतरा-अठराचा, शाळेतलं इंग्रजी. तो ओशाळून म्हणाला, आजीचं मनावर घेऊ नका, ती जुन्या वाळूसाठी हळवी आहे. पूर्वी इथली वाळू पांढरीशुभ्र होती. किनारा झिजला म्हणून २००२ मध्ये समुद्राच्या तळातून उपसून नवी आणून ओतली. ती काळपट आणि जाडी निघाली, गावभर बोंब झाली, प्रकरण कोर्टात गेलं.

म्हणजे वरून ओतलेलीच. मी म्हातारीकडे पाहिलं. तिने पुन्हा पाण्यात खुर्ची गाठली होती आणि पत्ते वाटत होती.

म्हणजे हाही भरावच होता. मी हे आईला सांगितलं नाही.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीतून फ्लेमिंगो बघत होती. साडेचारच्या आत बोटीवर पोचायचं होतं, बोट कुणासाठी थांबत नाही, आणि समोर सिग्नल लागला होता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तिचं बरोबर होतं. पण अंगभर कपडे घालून सांगायला हवं होतं."

हरतालिकेला शेवटी मी बांधकामाच्या दुकानातून मुलांच्या खेळायच्या वाळूची गोणी आणली. धुतलेली, चाळलेली, पंचवीस किलो, त्याहून लहान मिळत नाही. आईने चिमटीत घेऊन पाहिली, नाक मुरडलं आणि पिंड केली. छान उभी राहिली. पावती मुलीने फाइलला लावली आहे.

उरलेली साडेचोवीस किलो आमच्या तळघरात पडून आहे. म्युनिक परिसरात कुणाला हवी असेल तर घेऊन जावी. स्वतःचा डबा आणावा.