अर्धे तिकीट कोणाला खुपते?

‘बायकांना अर्धे तिकीट देऊन एसटी बुडवली,’ असे नागपूरच्या माझ्या मावसभावाने घरच्या ग्रुपवर लिहिले आणि धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंतच्या सगळ्या नातलगांनी त्याला दुजोरा दिला. मार्च २०२३ पासून लागू असलेल्या या सवलतीची भरपाई राज्य सरकारने महामंडळाला करायची असते. ती वेळेवर होत नसेल, तर तो दोष तिकीट काढणाऱ्या बाईचा कसा?

मी स्टुटगार्टला राहतो. येथे डॉइचलांडटिकेट, म्हणजे जर्मनीभर स्थानिक बस-रेल्वेत चालणारे महिन्याचे तिकीट, २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाले. पुढे दर वाढले, त्यावर वादही झाले, तरी तूट भरायला केंद्र आणि राज्ये मिळून वर्षाला तीन अब्ज युरो देतात. चांगल्या पगाराचे माझे सहकारी तेच तिकीट घेऊन एस-बान या उपनगरी रेल्वेत चढतात आणि त्यांना कोणी फुकटे म्हणत नाही. आपल्याकडे मात्र सुमारे ५५ हजार कोटींचा समृद्धी महामार्ग हा विकास ठरतो आणि मिरचीचे पोते घेऊन उमरेडच्या बाजाराला निघालेल्या बाईचे वाचलेले भाडे तेवढे रेवडी ठरते. त्या महामार्गावर तर दुचाकीलाही प्रवेश नाही.

माझे गाव भिवापूरजवळ आहे. नागभीडकडे जाणारी छोटी लाइन २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाल्यावर एसटी आणि काळीपिवळी एवढेच आधार उरले. काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही, आणि संध्याकाळी पोरगी तिच्यात कशी बसून येणार, या एका प्रश्नावर कितीतरी घरांत बारावीनंतरचे शिक्षण थांबते. मुक्कामी गाडी असली, की चालक-वाहक रात्री गावातच झोपतात, पहाटे गाडी निघते आणि पहिल्या तासाला मुलगी कॉलेजात असते. मी स्वतः एक तृतीयांश भाड्याच्या विद्यार्थी पासावर शिकलो. तेव्हा मला कोणी फुकट्या म्हटले असते, तर वडिलांनी माझे शिक्षण बंद केले नसते, पण मान खाली घातली असती.

‘कर तिकडे भरतोस आणि सल्ले इकडे देतोस,’ असे भावाने सुनावले. ते मला लागले, कारण त्यात तथ्य आहे. पण माझी आई आता पंचाहत्तरी ओलांडलेली आहे आणि तपासणीसाठी तिला उमरेडला मी नेत नाही, एसटी नेते, तीही मोफत. जे माझ्या हातून व्हायला हवे होते, ते ती गाडी करते; त्यामुळे या वादात मला परका समजू नका. नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचे स्वागत मीही करतो. मात्र सवलत बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी उमरेड आगारात जाऊन विचारावे की किती गावांना आज मुक्कामी गाडी आहे. कारण जिथे गाडीच येत नाही, तिथे अर्धे तिकीटही कोणाच्या हाती पडत नाही.