लॅसो जुना झाला, असे म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

महोदय,

लॅसो (हव्या त्या मजकुराभोवती पेनने वेढा काढून तो निवडण्याचे साधन) आणि डिजिटल हस्ताक्षरातील मजकूर निवडण्याची इतर साधने यांवरील माझ्या लेखावर आपण लिहिले आहे : "वेढा घालून निवडणे जुने झाले, आता एका टॅपने शब्द निवडला गेला पाहिजे. वर्गात शिकवताना साधन बदलण्यात लय तुटते. झूमचा उल्लेखच नाही. लेखकाने पेन कधी हातात धरलेला दिसत नाही." झूमचा उल्लेख राहून गेला, ही माझी चूक मी मान्य करतो.

शेवटचे वाक्य मात्र टाळता आले असते. लातूरच्या शिकवणी वर्गांत मी नऊ वर्षे गणित शिकवले असून, 2020 च्या टाळेबंदीत फळा सुटल्यावर पेन टॅबलेटवर रोज पाच-सहा तास लिहिले आहे. माझ्या बोटावरचा घट्टा आपल्याला स्क्रीनवरून दिसणार नाही, पण मग तो नाही असे तरी कशावरून ठरवलेत?

आता टॅपविषयी. ती नवी कल्पना असल्याचे आपण गृहीत धरले आहे. 1963 साली आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेतील एमआयटीत मांडलेल्या स्केचपॅड या संगणकावर आकृत्या काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये प्रकाशलेखणी (लाइट पेन) पडद्यावरील रेषेवर रोखून ती रेषा निवडता येत असे. पण तिथे कोणाला 'अंक' किंवा 'पंप' हाताने लिहायचा नव्हता. देवनागरीत पेन टेकवून उचलला की अनुस्वार होतो आणि गणितात दशांशचिन्ह. 'गगा'च्या डोक्यावर 'गंगा'साठी टिंब देणाऱ्याला अख्खा शब्द निळ्या चौकटीत अडकलेला दिसला, तर तो आपल्याला दुवा देईल असे वाटते काय?

शिवाय टॅपने शब्द उचलायचा, तर शब्द कोठे संपतो हे यंत्राला कळायला हवे. यंत्राजवळ असतात त्या सुट्या रेघा. आपल्यापैकी अनेक जण अक्षरे आधी लिहून शिरोरेषा शेवटी ओढतात, तीही कधी दोन शब्दांवरून सलग. वेढ्यातही हा त्रास आहे, हे मी लपवलेले नाही. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफ या विंडोजचे प्रोग्रॅम बनवण्याच्या प्रणालीमध्ये रेघेचा किती टक्के भाग वेढ्यात आला म्हणजे ती निवडली असे धरायचे, हा आकडा प्रोग्रॅमरला देता येतो. 'गणित'मधल्या 'णि'भोवती वेढा घाला : आकडा 80 असेल तर शिरोरेषा मागे राहते, 20 असेल तर ती सगळीच्या सगळी सोबत येते आणि 'ग', 'त' बोडके उरतात. तरीही वेढ्यात काय घ्यायचे ते लिहिणारा हाताने सांगतो, टॅपमध्ये यंत्र अंदाज बांधते.

लय तुटण्याचा मुद्दा सवयीचा आहे, त्यावर वेळ घालवत नाही. टॅप हवाच असेल, तर पेनच्या बाजूचे बटण दाबून तो घ्यावा. हे मूळ लेखाच्या चौथ्या परिच्छेदात लिहिलेले आहे, आपण तिथपर्यंत पोहोचला नसाल.