'ज्याचं सैन्य जास्त तो जिंकतो': एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

अनामिक वाचक,

'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' या पाळीपाळीने खेळायच्या कॉम्प्युटरवरच्या युद्धखेळावरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्या वेळी 'काका' या शब्दावरच गाडी अडली. इतर वाचकांसाठी ती इथे देतो: "काका, १९९९ चा गेम आहे, आता नॉस्टॅल्जियातून बाहेर या. ज्याचं सैन्य जास्त तो जिंकतो, यात डोकं कसलं लागतं? कॉम्प्युटर मठ्ठ आहे, शेवटचा तास नुसता ओढायचा असतो, आणि एचडी एडिशनबद्दल तुम्ही चुकीचं लिहिलंय. नव्या लॅपटॉपवर चालतो तरी का?"

आधी चूक. युबिसॉफ्टने २०१५ साली काढलेल्या एचडी आवृत्तीत दोन्ही विस्तार (मूळ खेळाला जोडायचे जादा भाग) आहेत, असं मी लिहिलं होतं. नाहीत. तिच्यात फक्त मूळ खेळ आहे; 'आर्मागेडन्स ब्लेड' आणि 'शॅडो ऑफ डेथ' दोन्ही गायब. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. हेच सरळ कळवलं असतंत तरी मी तितक्याच तातडीने बदललं असतं. आमच्या सदाशिव पेठेतल्या पाट्यांवरसुद्धा निदान 'कृपया' तरी असतं हो.

आता ते जास्त सैन्याचं. वीस वर्षांहून अधिक काळ हा खेळ खेळणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकवायचं, तर ते जास्त सैन्य येतं कुठून, एवढा तरी विचार आधी करायचा होता.

अवघडपणाच्या पाच पायऱ्यांना या खेळात बुद्धिबळातल्या सोंगट्यांची चित्रं आहेत: प्यादं, घोडा, हत्ती, वजीर, राजा. मधली घ्या, हत्ती. सुरुवातीला हातात १५,००० सोनं, १५ लाकूड, १५ दगड. टाउन, म्हणजे तुमचं शहर, रॅम्पार्ट (एल्फ मंडळींचं), त्यात टॅव्हर्न आणि फोर्ट आधीपासून आहेत असं धरू. एका टाउनमध्ये दिवसाला एकच बांधकाम होतं. पहिल्या आठवड्यात सिटी हॉल हवा, म्हणजे रोजचं उत्पन्न २,०००. त्यासाठी टाउन हॉल, बाजार, लोहार, मेज गिल्ड आणि मग सिटी हॉल: पाच दिवस, ११,००० सोनं. कॅसलही हवा, कारण त्याने दर आठवड्याची पैदास, म्हणजे भरतीला मिळणारे नवे सैनिक, दुप्पट होते. त्याआधी सिटाडेल: आणखी दोन दिवस, ७,५०० सोनं. झाले सात दिवस. पहिल्याच दिवशी टाउन हॉल आणि पाचव्या दिवशी सिटी हॉल उभा केलात, तर सोनं पुरतं. वर साडेचार हजार उरतात, त्यातल्या अडीच हजारांत दुसरा हिरो, म्हणजे सैन्य घेऊन नकाशावर फिरणारा सरदार, येतो.

लाकूड मात्र पुरत नाही. या सातांना २५ लागतं, तुमच्याकडे १५. दगड २० लागतो, तोही १५. लाकडाची खाण दिवसाला २ देते, म्हणजे १० ची तूट भरायला पाच दिवस. खाण दुसऱ्या दिवसापर्यंत ताब्यात आली नाही, तर कॅसल सातव्या दिवशी उभा राहत नाही. आणि खाणीवर बहुतेक वेळा पहारा असतो.

शिवाय या सात दिवसांत सैन्य देणारी एकही इमारत बांधून झालेली नाही. वुड एल्फचं (रॅम्पार्टच्या तिरंदाजांचं) घर बांधलं की त्याच दिवशी ७ एल्फ मिळतात, आणि नव्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी पुन्हा. कॅसल असेल तर ते १४. म्हणजे घर सातव्या दिवशी बांधणाऱ्याकडे दुसऱ्या सकाळी २१ एल्फ, आठव्या दिवशी बांधणाऱ्याकडे ७. गुरुवारी पाणी नाही म्हटल्यावर पुणेकर बुधवारीच पिंपं भरून ठेवतो, तसंच हे. पण सातवा दिवस तर कॅसलला दिला होता. मग यादीतलं काय गाळायचं? कॅसल गाळला तर १४ चे १० होतात. सिटी हॉल पुढे ढकलला तर रोज हजार सोन्याचं नुकसान. आणि एल्फच्या घरालाही लाकूडच लागतं. तुमचं 'जास्त सैन्य' इथे ठरतं, पहिल्या सात खेळ्यांत, एकही मोठी लढाई होण्याआधी.

बरं, समजा समोरच्याकडे खरोखरच जास्त सैन्य आहे. ४० ओग्रविरुद्ध (हे राक्षसी पायदळ) २० ग्रँड एल्फ (वुड एल्फचीच सुधारित जात). किमतीने बघा: १२,००० सोन्याविरुद्ध ४,५००. हिरोंचे गुण बाजूला ठेवू, ओग्र एकाच थव्यात धरू. रणांगण १५ घरं रुंद, ओग्रचा वेग ४, त्यामुळे एल्फना भिडायला त्यांना चौथी फेरी उजाडते. एल्फ एका फेरीत दोनदा बाण मारतात, दहा घरांच्या आत सरासरी १७६ नुकसान. पहिल्या फेरीत अंतर जास्त, म्हणून निम्मं. चौथ्या फेरीपर्यंत ६१६, म्हणजे १५ ओग्र गेले. उरलेल्या पंचवीस जणांचा एकच घाव ३१५ चा बसतो. तुमचे वीस एल्फ मिळून ३०० नुकसानच सोसू शकतात. खेळ खलास. इथपर्यंत तुम्ही बरोबर.

आता सैन्याच्या सात जागांपैकी रिकाम्या सहांत एकेक सेंटॉर (अर्धा माणूस, अर्धा घोडा असलेला स्वस्त सैनिक) ठेवा. किंमत ७०, सहांचे ४२०. चौथ्या फेरीपासून दर फेरीला एक सेंटॉर पुढे घाला. ओग्रचा अख्खा घाव त्या एका जिवावर वाया जातो आणि एल्फ बाण मारत राहतात. नवव्या फेरीला शेवटचा सेंटॉर पडतो. दहाव्या फेरीत ओग्रची पाळी येण्याआधी नुकसान १,६०० च्या पुढे गेलेलं असतं आणि ४० च्या ४० ओग्र आडवे. तुमचं नुकसान ४२० सोनं.

हे करताना नवखे जिथे चुकतात ते सांगतो. सेंटॉर एल्फच्या पुढ्यातच उभे करतात. मग ओग्रच्या टप्प्यात दोन्ही येतात, आणि तुमचा तो 'मठ्ठ' कॉम्प्युटर सेंटॉर सोडून बरोबर एल्फ उचलतो. सेंटॉर लांबच्या कोपऱ्यात न्यायचा, असा की त्या फेरीत चार घरांत ओग्रला तोच एक सापडेल.

आणि नकाशावरची चाल? हिरोची दिवसाची चाल सकाळी ठरते, सैन्यातल्या सर्वांत मंद प्राण्यावरून. मंद ड्वार्फ (बुटके सैनिक) सोबत असेल तर चालीचे १,५०० गुण, नुसते सिल्व्हर पेगॅसस (उडते घोडे) असतील तर २,०००. फरक साध्या जमिनीवर पाच घरांचा, फरसबंदी रस्त्यावर दहा. म्हणून रात्री टर्न संपवण्याआधी ड्वार्फ शेजारच्या हिरोच्या गळ्यात घालायचे आणि सकाळी चाल ठरल्यावर परत घ्यायचे. 'यात डोकं कसलं' म्हणणाऱ्याचे ड्वार्फ रात्रभर मुख्य हिरोकडेच मुक्कामाला असतात, हे मी पैजेवर सांगतो.

नॉस्टॅल्जियाबद्दल इतकंच की 'हॉर्न ऑफ द अबिस' हा चाहत्यांनी बांधलेला विस्तार २०११ च्या अखेरीस आला, मूळ खेळानंतर बारा वर्षांनी, आणि त्यात आजही भर पडते आहे. जुन्या आठवणी काढत बसलेले लोक नवी टाउन्स बांधत नाहीत. शेवटच्या तासाच्या कंटाळ्याबद्दल पुन्हा कधीतरी. तो कुठला नकाशा निवडता यावर असतो, आणि तुम्ही कुठला खेळलात हे काही लिहिलेलं नाही.

उरला तुमचा एकमेव कामाचा प्रश्न. चालतो. गॉग (GOG) या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावरची 'कम्प्लीट' आवृत्ती घ्या, दोन्ही विस्तार तिच्यात आहेत. प्रोग्राम फाइल्समध्ये टाकू नका, परवानग्यांची कटकट होते. वेगळं फोल्डर करा. मग त्यावर हॉर्न ऑफ द अबिस बसवा. स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात दिसणारी ती २०१५ ची एचडी घेऊ नका, तिच्यावर तो बसत नाही. पहिला डाव हत्तीवर लावा आणि आठव्या दिवशी सकाळी तुमच्याकडे किती एल्फ आहेत ते इथे खाली लिहा. नावासकट. काका म्हटलंत तरी चालेल.